माकडबंदुकीचे दोन मालक

कोकणातल्या तेलिवऱ्याच्या मशिदीत जेवढे पंखे आहेत त्यांतलं एकही पातं कोरं नाही. आखातात गेलेला तेलिवऱ्याचा माणूस पहिल्या सुट्टीत गावाला पंखा देतो आणि त्याच्या पात्यांवर लाल रंगात आपलं नाव आणि मुक्काम रंगवून घेतो. अडचण एवढीच, की पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही. म्हणून देणगीदार मे महिन्यात सुट्टीवर आला, की शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर कुणीतरी हळूच त्याच्या पंख्याचं बटण बंद करतं. मग सगळी जमात घाम पुसत, माना वर करून त्याचं नाव वाचते. तो स्वतः मात्र खाली बघत उभा राहतो, कारण दानाचा गवगवा करू नये हे त्याला ठाऊक असतं.

अन्वरी या गावची लेकही आणि सूनही. त्यामुळे तिच्या नवऱ्यानं, लियाकत वांगडेनं, आपण बनवलेल्या बंदुकीच्या मुठीवर ठसठशीत देवनागरीत आपलं नाव घातलं आणि खाली 'दुबई' लिहून मोबाइल नंबरही दिला, तेव्हा तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. पंख्यावर घालतात, पाण्याच्या टाकीवर घालतात, जनाज्याच्या खाटेवरसुद्धा घालतात. बंदुकीनं काय पाप केलं होतं?

आता ही बंदूक काय होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं वांगडे मंडळी दरोडेखोर आहेत. लियाकत दुबईच्या अल कूझमधल्या एका कंपनीत इमारतींची मॉडेलं बनवतो. बिल्डरला अजून न बांधलेला टॉवर विकायचा असला, की लियाकत तो कॉम्प्युटरवर काढतो, थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकचा थरावर थर चढवून तो हातभर उंच उभा करतो, आणि गिऱ्हाईक त्यातल्या नखाएवढ्या बाल्कनीवर बोट ठेवून बुकिंग करतं. लियाकतची स्वतःची बाल्कनी दुबईच्या करामा भागात आहे आणि तिच्यात वॉशिंग मशिन मावल्यावर माणूस मावत नाही.

गावाकडे धडधाकट म्हणावी अशी आता माकडंच उरली होती. माणसं होती ती म्हातारी. तरणी सगळी दुबई-शारजा-कतारला. माकडांना हे समजलं होतं. ती आंबे खायची, नारळ पाडायची, कौलं काढून स्वयंपाकघरात उतरायची. एका माकडिणीनं लियाकतच्या आईच्या, मरियमबीच्या, हातातून भाकरी नेली. भाकरी गेल्याचं दुःख नव्हतं, पण ती नेताना माकडिणीनं मागं वळून बघितलं, हे मरियमबीच्या फार जिव्हारी लागलं.

"एवढी मशिनं चालवतोस म्हणतोस," ती फोनवर लियाकतला म्हणाली, "माकडं हाकलायचं एखादं मशिन नाही होय रे तुझ्या दुबईत?"

आईनं दुबईची अब्रू काढल्यावर लियाकत पेटला. त्यानं कॉम्प्युटरवर एक बंदूक काढली. बंदूक म्हणजे नळी. आतून मोठा ढम्म आवाज निघायचा, बाहेर काहीच पडायचं नाही. पण आकार मात्र त्यानं अगदी बंदुकीचा दिला, कारण माकडं बंदूक ओळखतात असं त्याचं म्हणणं होतं. एकच अडचण होती. खटका जमेना. टॉवरला खटका नसतो, त्यामुळे लियाकतला त्याची सवय नव्हती.

तेव्हा खैरुद्दीन कामाला आला. खैरुद्दीन हा अन्वरीचा धाकटा भाऊ, फुजैराच्या तेल टर्मिनलवर फिटर. व्हॉल्व, स्प्रिंग, लीव्हर यांच्यात त्याचा जन्म गेलेला. सुट्टीच्या दिवशी तो बस पकडून करामाला आला, बहिणीच्या हातचं जेवला आणि जेवणानंतर कागदावर खटका काढून दिला. लियाकतनं तो कॉम्प्युटरवर चढवला, छापला, दाबला. टक्क असा आवाज आला. दोघं मेहुणे लहान पोरांसारखे हसले. अन्वरी ते बघून खूश झाली, कारण तिच्या लग्नापासून हे दोघं कधी एका गोष्टीवर हसले नव्हते.

पुढचा जुमा जमातीच्या बैठकीचा होता. तेलिवऱ्याची यूएईतली जमात करामात गनीचाचांच्या हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये भरते. गनीचाचा अध्यक्ष आहेत, कारण हॉल त्यांचा आहे. लियाकतनं लॅपटॉप उघडून बंदूक दाखवली. सगळ्यांनी माशाल्ला म्हटलं. कुणीतरी म्हणालं, एकट्या तेलिवऱ्याचंच भलं का, माकडं तर सगळ्या कोकणात आहेत. मग ठरलं, की फाइल इंटरनेटवर फुकट टाकायची. जो जो छापेल त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, आपल्याला. मॉडेलं वाटायची एक वेबसाइट होती, तिच्यावर जमातीच्या नावानं खातं उघडलं. पासवर्ड सगळ्यांना माहीत असावा म्हणून ग्रुपवर टाकला. फाइलचं बटण नेमकं कुणी दाबलं हे पुढं कुणालाच आठवेना, कारण त्याच वेळी बिर्याणी आली होती.

गावाकडे खेडच्या एका दुकानात बंदूक छापून मिळाली. पहिल्या आवाजाला माकडं जी पळाली ती पलीकडच्या गावात जाऊन बसली. मरियमबीनं पुढं ती विमा विकायला आलेल्या माणसावरही झाडली. मग माकडं सरावली आणि ढम्म झालं की कुतूहलानं जवळ येऊ लागली, पण हे जमातीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. ग्रुपवर फक्त मुठीचा फोटो फिरला. त्यावर लिहिलेलं होतं: लियाकत वांगडे, दुबई.

तो फोटो फुजैराला पोचला आणि खैरुद्दीनचं टाळकं फिरलं.

"दुल्हाभाई, खटका कुणाचा?" त्यानं फोनवर विचारलं.

"तुझाच. पण खटका म्हणजे काय बंदूक नव्हे," लियाकत म्हणाला. "बॉडी माझी, डिझाइन माझं, प्रिंटिंग माझं."

"खटक्याशिवाय तुमची बॉडी म्हणजे पाण्याचा पाइप."

"आणि माझ्या बॉडीशिवाय तुझा खटका म्हणजे टाचणी."

अन्वरी भाजी चिरत दोन्ही बाजू ऐकत होती, कारण फोन स्पीकरवर होता. बायकोला आपली बाजू ऐकू यावी म्हणून लियाकत नेहमी स्पीकरवर भांडतो. तिचे हाल म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवऱ्याला बोलावं तर भावाची झाली, भावाला बोलावं तर माहेर तुटलं. तिनं दोघांनाही बोलून पाहिलं, आणि दोघांनीही ते दुसऱ्याला उद्देशून आहे असं धरलं.

प्रकरण जमातीपुढे गेलं. गनीचाचांनी निवाडा दिला, की मुठीच्या एका बाजूला एकाचं आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं नाव घालावं. निवाडा चांगला होता. पण उजव्या बाजूला कोण यावरून पुन्हा जुंपली, आणि खैरुद्दीन बिर्याणीला हात न लावता उठून गेला. जमातीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं.

मग सुट्टीवर गावी जाऊन त्यानं चिपळूणच्या वकिलाला गाठलं. स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत शपथपत्र झालं, त्याला जोडून नोटीस निघाली. सदर बंदुकीचं संपूर्ण डिझाइन, बॉडी, मूठ आणि खटक्यासह, आमच्या अशिलानं एकट्यानं केलेलं असून श्री. लियाकत वांगडे यांनी फक्त टायपिंग केलेलं आहे. नोटीस घरी पाठवली तर आपा, म्हणजे थोरली बहीण अन्वरी, दाबून टाकेल, हे खैरुद्दीन जाणून होता. म्हणून ती लियाकतच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवली, आणि लियाकतची चांगली जिरावी म्हणून कंपनीच्या सर्वसाधारण पत्त्यावरही एक प्रत पाठवली. लियाकतनं उलटी नोटीस पाठवायचं ठरवलं होतं, पण दुबईच्या वकिलाची फी त्यानं रुपयांत मोजली आणि तोंडी उत्तर देण्यावर भागवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कंपनीत कुणालाही लियाकतच्या मेहुण्याशी देणंघेणं नव्हतं. पण एचआरच्या बाईंनी नोटीस वाचली, तिच्यात 'गन' हा शब्द ओळीओळीला होता. त्यांनी वेबसाइट उघडली. आणि मग त्यांनी जे पाहिलं ते तोवर जमातीत कुणीही पाहिलं नव्हतं.

ते घरी दुआनं समजावून सांगितलं. दुआ ही अन्वरी-लियाकतची एकुलती एक, बारावीत शिकणारी. तिनं लॅपटॉप आईबापांकडे फिरवला.

"डॅड, समबडी रीमिक्स्ड इट," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची फाइल घेऊन चेंज केली. युअर्स वॉज अ लाउड पाइप. धिस इज अ रिअल गन."

कुठल्या तरी देशातल्या कुणा टोपणनावाच्या माणसानं खैरुद्दीनचा खटका आणि लियाकतची मूठ उचलली होती आणि त्यांवर स्वतःचं पुढचं काम चढवलं होतं. ढम्म करण्यापुरती ती आता राहिली नव्हती. मुठीवरचं नाव मात्र त्यानं तसंच ठेवलं होतं. देवनागरी अक्षरं म्हणजे हात घसरू नये म्हणून केलेली खरखरीत नक्षी आहे, असा त्याचा समज झालेला दिसला. खाली लोकांनी तारीफ केली होती.

"हे बघा," दुआ म्हणाली. "'लव्ह द ग्रिप पॅटर्न.' दॅट्स युअर नेम, डॅड. अँड युअर नंबर."

लियाकतनं घाईघाईनं जमातीच्या खात्यातली फाइल पुसली. पण फुकटची गोष्ट कुणी परत करत नाही. ती आणखी कुठं कुठं गेली होती.

ऑफिसनं त्याला घरी बसवलं आणि प्रकरण वर कळवलं. मग पोलिसांचा फोन आला. आवाज अतिशय सभ्य होता. मंगळवारी सकाळी या, आणि ज्यांनी नोटीस पाठवली त्या खैरुद्दीन साहेबांनाही आणा.

अन्वरी नवऱ्याला घेऊन एका वकीलबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकलं, पंख्यांचंही ऐकलं, आणि हसू आवरून सांगितलं, की इथं हत्यार बनवायची माहिती इंटरनेटवर टाकणं हा खेळ नाही. "ती माकडांसाठी होती हे मी सांगेन, आणि त्यानं फरक पडेल. पण कुणाचं तरी डिझाइन होतं. जो माझं म्हणेल त्याच्यावर केस चालेल, आणि तो या देशात राहील असं मला वाटत नाही. दुसऱ्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेऊन सोडून देतील."

"आणि दोघंही नाही म्हणाले तर?" अन्वरीनं विचारलं.

"तर मुठीवरचं नाव वाचतील."

त्या वाक्यापासून अन्वरीच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. लियाकत गेला तर घर गेलं. त्याच्या व्हिसावर तिचा व्हिसा, तिच्या व्हिसाशेजारी दुआचा. दुआची परीक्षा फेब्रुवारीत, आणि पोरगी तिसरीपासून याच शाळेत. मध्येच उचलून कुठं न्यायची? तेलिवऱ्याला, माकडांत?

लियाकतचा तर नूरच पालटला. चार महिने 'माझी, माझी' करणारा माणूस एकाच संध्याकाळी उदार झाला.

"खटका खैरूचाच," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तसं बघितलं तर मुठीची कल्पनाही त्याचीच." आणि झोपायच्या आधी त्यानं कबूल केलं, की बॉडीसुद्धा खैरूच्या बोलण्यावरूनच सुचली होती. अन्वरीनं पांघरूण ओढून घेतलं. तिला त्याचा राग आला, आणि तो खैरूला अडकवतोय म्हणून आला नव्हता. तो बोलत होता ते तिला हवं होतं, म्हणून आला होता.

शनिवारी ती बसनं फुजैराला गेली. सोबत सांदणं आणि मटणाचा डबा घेतला. डोंगर ओलांडून बस उतरली तसा समुद्र आणि तेलाच्या टाक्या दिसू लागल्या.

खैरुद्दीन बॅचलर खोली सोडून छोट्या फ्लॅटमध्ये आला होता. त्याच्या बायकोचा, नौशीनचा, व्हिसा लग्नानंतर चार वर्षांनी कसाबसा झाला होता आणि पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं होतं. चार वर्षांत दोघांचा संसार झाला तो सुट्ट्यांपुरता. त्यानं पडदे लावले होते, उलटे. कुकर अजून खोक्यात होता.

"नौशीनला समुद्र दिसायला हवा म्हणून हा घेतला," खैरुद्दीन खिडकी उघडत म्हणाला. "त्या दोन टाक्यांच्या मधून दिसतो बघ. जरा वाकायला लागतं."

अन्वरी वाकली. समुद्र होता, पट्टीएवढा.

"नोटीस मागे घे, खैरू," ती म्हणाली.

"आधी दुल्हाभाईंनी जमातीपुढे म्हणावं, खटका माझा."

"अरे, आता ते म्हणतायत की अख्खी बंदूकच तुझी."

खैरुद्दीन एवढा हसला की त्याला ठसका लागला. अन्वरीही हसली. मग तिनं वकीलबाई काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. त्यानं एक सांदण तोडून मटणाच्या रश्श्यात बुडवलं आणि खाल्लंच नाही.

"दोघं नाही म्हणालो तर?"

"तर नाव यांचं आहे."

"हं."

"दुआची बारावी आहे," अन्वरी म्हणाली, आणि पडद्याकडे बघत बसली.

तिनं मागितलं काहीच नाही. कोकणातली माणसं मागत नाहीत, नुसतं सांगतात, आणि सांगून झालं की दुसरीकडे बघतात. परतीच्या बसमध्ये ती स्वतःला हेच समजावत आली, की आपण काही मागितलेलं नाही.

मंगळवारी पोलिस ठाण्यात तिघांनाही आत बसवलं. अधिकारी तरुण होता, हिंदी झकास बोलत होता. त्यानं आधी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला. मग टेबलावर मुठीचा मोठा केलेला फोटो ठेवला. एवढ्या मोठ्या अक्षरात आपलं नाव लियाकतनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण त्याला त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

"ये नाम किसका है?"

"मेरा, सर," लियाकत म्हणाला.

"तो डिझाइन आपका?"

अन्वरीनं मांडीवरचा दुपट्टा गच्च धरला. तेवढ्यात खैरुद्दीन खुर्चीतून पुढं सरकला.

"सर, डिझाइन मेरा. पूरा. बॉडी, ग्रिप, ट्रिगर, सब."

"नाम तो इनका है."

"हबीबी, ये मेरे दुल्हाभाई हैं," खैरुद्दीन म्हणाला, आणि मग सर म्हणायला हवं होतं हे आठवून त्यानं तेही म्हटलं. "हमारे गाव में रिवाज है, सर. पंखा मैं देता हूं, नाम बडे लोगों का डालता हूं. इज्जत के लिए. इनको तो मालूम भी नहीं था."

हा रिवाज तेलिवऱ्यात कधीही नव्हता. तेलिवऱ्यात स्वतःच्या बापाचं नाव पंख्यावर आलं तर तिथंही खाली 'तर्फे' लिहून मुलगा आपलं घालतो. पण खैरुद्दीननं ते अशा थाटात सांगितलं की अन्वरीला क्षणभर आपल्या गावाविषयी अभिमान वाटला.

अधिकाऱ्यानं चिपळूणचं शपथपत्र काढलं. तिथंही तेच होतं, शब्दन्शब्द, नोटरीच्या शिक्क्यासह. रागाच्या भरात लिहिलेल्या त्या कागदाइतका भक्कम पुरावा शहाण्यानं ठरवून केला नसता.

"अच्छा, तो समझाइए," अधिकारी म्हणाला. "बॉडी इतनी मोटी क्यूं रखी?"

खैरुद्दीन अडला. बॉडीचं त्याला ओ की ठो माहीत नव्हतं. "मजबूती के लिए, सर," त्यानं ठोकून दिलं. "जितना मोटा, उतना अच्छा."

लियाकतनं श्वास घेतला. अन्वरीला तो श्वास ओळखीचा होता. कुणी डिझाइनबद्दल चुकीचं बोललं की तो असाच श्वास घेतो आणि मग अर्धा तास थांबत नाही. जाडी आवाज घुमण्यासाठी होती, हे त्यानं तिला जेवताना कितीदा सांगितलं होतं. आता त्याच्या ओठांवर ते आलंच होतं. तिनं टेबलाखाली आपली टाच त्याच्या पावलावर ठेवली आणि सगळा भार दिला.

लियाकतनं श्वास सोडला.

"ये सही बोल रहे हैं?" अधिकाऱ्यानं त्याला विचारलं.

"येस सर," लियाकत म्हणाला. "मैंने सिर्फ टायपिंग किया."

टाच उचलायला अन्वरीला वेळ लागला. खैरुद्दीनचं लक्ष टेबलाखाली गेलं होतं की नाही, ते तिला कळलं नाही. तो फोटोकडे बघत होता.

वकीलबाईंनी माकडांचं सांगितलं, मरियमबी माकडांवर बंदूक झाडतानाचा व्हिडिओ दाखवला, आणि त्याचा उपयोग झाला. फाइलीत दुसऱ्यानं केलेल्या बदलांची जबाबदारी खैरुद्दीनवर आली नाही. तुरुंग टळला. दंड भरायचा होता, तो गनीचाचांनी जमातीकडून जमवला. आणि मग खैरुद्दीननं जायचं होतं, परत न येण्यासाठी. नौशीनचा व्हिसा त्याच्याबरोबर खलास झाला. तिकीट तिचं होतं, निघाला तो.

विमानात बसेपर्यंत त्याला ताब्यात ठेवलं होतं; तिथं भेटायची परवानगी मिळाली तेव्हा अन्वरीनं त्याला सरळ विचारलं, "खरं सांग, हट्टानं बोललास, की माझ्यासाठी?"

"आपा, बंदूक माझी होती म्हणून बोललो," खैरुद्दीन म्हणाला. "शपथपत्र वाचलं नाहीस का तू?" आणि नेहमीसारखा दात काढून हसला. "फ्लॅटमधला कुकर घेऊन जा. नवा आहे."

पुढच्या जुम्याला गनीचाचांनी ठराव मांडला, की बंदूक खैरुद्दीनची. लियाकतनं उभं राहून अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. चार महिन्यांपूर्वी याच माणसानं हे म्हटलं असतं तर कुणालाच कुठं जावं लागलं नसतं, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं, म्हणून टाळ्या जरा लवकरच थांबल्या. मग जेवण आलं. लियाकतनं दोन घास खाल्ले आणि प्लेट सरकवली.

ऑफिसनं त्याला परत घेतलं. तो पुन्हा टॉवर बनवू लागला. घरी तो आता फोन स्पीकरवर टाकत नाही.

फेब्रुवारीत, दुआचा पहिला पेपर झाला त्या दुपारी, तेलिवऱ्याहून नौशीनचा फोन आला. अन्वरी ओट्याशी उभी होती. नौशीननं आधी पेपरची चौकशी केली, मरियमबीच्या गुडघ्याचं सांगितलं, खैरूनं खेडला पंप दुरुस्तीचं काम धरलंय ते सांगितलं.

"आपा, एक विचारू? ते मला काही सांगतच नाहीत. विचारलं की हसण्यावारी नेतात." तिचा आवाज खाली आला. "ती बंदूक सगळी त्यांनीच बनवली होती का हो? दुल्हाभाईंचा त्यात काहीच हात नव्हता?"

म्हणजे खैरूनं बायकोलाही सांगितलं नव्हतं. बायकोला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत मरियमबीला कळेल, आणि जुम्यापर्यंत करामाला. भावानं किती दूरचा विचार केला होता, हे अन्वरीला तिथं, हात ओले असताना, पहिल्यांदा कळलं. आतल्या खोलीत दुआ उद्याचं पाठ करत होती. बाहेर लियाकत टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघत होता. अन्वरीला खरं बोलायचं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "सगळी खैरूचीच होती."

पलीकडे नौशीननं सुस्कारा सोडला.

"मला वाटलंच. फार हट्टी आहेत ते," ती म्हणाली. "आपा, त्यांच्या वतीनं मी तुमची माफी मागते. त्यांच्यामुळे तुमच्या घरावर केवढं आलं होतं. दुआचं वर्ष जाता जाता राहिलं. इतके दिवस फोन करायचा धीर होत नव्हता मला. दुल्हाभाईंनाही सांगा, मनात ठेवू नका म्हणावं."

अन्वरीनं पदरानं तोंड पुसलं.

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "आम्ही केव्हाच माफ केलं."